पातळ रस्सा

खट्! दुपारच्या शांततेत फ्रिज बंद पडला आणि मी दचकले, कारण आत बाजारासाठी केलेली कुल्फी होती.

पुढारी सदाशिवरावांची लेक सुरभी आमच्या गावची सून झाली, तेव्हापासून इथली लाइन कधी जातच नव्हती. शेजारच्या गावात अंधार, आणि आमच्याकडे चक्की, रसवंती, माझी कुल्फी, सगळं जोरात.

"इंदूबाईनं सुनेच्या पातोडीचा रस्सा पातळ म्हणला," चक्कीवाले काका दारातूनच ओरडले. "सुरभी रुसून माहेरी गेली नं!"

पाच मिनिटांत अर्धं गाव इंदूबाईंच्या ओट्यावर.

"माफी मी मागू? सासू हाव मी तिची!"

"मागा नं इंदूकाकू," मी म्हटलं, "रश्श्यापायी माही कुल्फी पातळ होऊन राह्यली!"

सगळे हसले, मग इंदूबाईंनाही हसू आवरेना. चक्कीवाल्यांनी जीप काढली, रसवंतीवाल्यानं सुरभीसाठी नवं लुगडं आणलं, आणि सासूबाई सुनेला आणायला तिच्या माहेरी, महागावला निघाल्या.

संध्याकाळी सुरभीनं जीपमधून खाली पाय ठेवला न् ठेवला, तोच माझा फ्रिज गुरगुरला. मी माझ्या लेकीला, आभाला उचलून गरागरा फिरवलं. अर्धी वितळलेली कुल्फी चाटत तिनं विचारलं,



"आई, तू रुसून मामाकडे गेलती, तवा गावातलं काय बंद पडलं होतं?"