तिसरं बटण

नको असलेल्या वस्तूंच्या अदलाबदलीचं ॲप लेकीनं एकदाचं उभं केलं आणि चाचणीसाठी अख्ख्या इमारतीच्या गळ्यात मारलं. बाबांनी कपाटामागून बुद्धिबळाचा पट ओढून काढला. "टाक हा. मोहऱ्यांशिवाय काय चाटायचाय?"

तासाभरात जोडी जुळली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मोहरे टाकले होते, पटाशिवाय नकोत म्हणून. दोघांचा शेवटचा डाव भांडणात उधळला, तेव्हा पट इकडे राहिला, मोहरे तिकडे आणि मध्ये अबोला. ॲपनं इमानेइतबारे अदलाबदल सुचवली. दोघांनी मुकाट्यानं मान्य केली, हमाली लेकीनं केली. आता मोहरे बाबांकडे, पट काकांकडे. संध्याकाळी पट आणि मोहरे, दोन्हींचे फोटो पुन्हा ॲपवर. ये रे माझ्या मागल्या!

लेकीनं कपाळाला हात लावला. बाबा मात्र मोहऱ्यांचा डबा काखेत मारून उठले. "तुझं ॲप बिनडोक आहे. मीच जातो."

जेवण निवलं तरी बाबांचा पत्ता नाही. ती बोलवायला गेली, तर दाराबाहेरच काकांचा आवाज ऐकू आला, "चाल मागे घ्यायची नाही हं, सांगून ठेवतो!" आणि पाठोपाठ बाबांचं गडगडाटी हसू.

ती तशीच परत फिरली. ॲप उघडून तिनं ‘द्या’ आणि ‘घ्या’च्या शेजारी तिसरं बटण टाकलं: ‘या’.