पश्चिमेच्या कमानीतली सावली

चार दिवस बाजूला बसलेली दिनक आज न्हाली आणि उजाडायच्या आत नणंदेबरोबर टेकडीवरच्या अग्नीपुढे प्रार्थनेला आली. चार कमानी, वर घुमट आणि मधोमध अग्नी. तिचा नवरा फरोख नेहमीसारखा पश्चिमेच्या कमानीत डोळे मिटून एकटाच उभा होता.

त्याची सावली मागच्या पांढऱ्या वाटेवर लांब पडली होती. तिला खेटून आणखी एक सावली होती. बाईची.

दिनकच्या अंगाचा तिळपापड झाला. "वन्सं, तुमच्या भावाच्या शेजारी कोण आहे हो ती?"

"कोण असणार?" नणंद हसली. "चार दिवस बघतेय मी, एकटाच येतो बिचारा. एवढा संशय असेल तर जा, उभी राहा त्याला चिकटून!"

दिनक तरातरा गेली आणि नवऱ्याला खेटून उभी राहिली. माझ्या जागेवर डोळा ठेवतेस काय, सटवे!

मग तिनं मागं वळून पाहिलं. वाटेवर दोनच सावल्या होत्या. तिचा जीव भांड्यात पडला. गेली म्हणायची मेली! ही दुसरी आता आपलीच.

तिनं ओढणी सावरायला दोन्ही हात डोक्याकडे नेले. सावलीनं नेले नाहीत. त्या सावलीनं एक हात हळूच फरोखच्या सावलीच्या हातात दिला.

दिनकचे दोन्ही हात अजून ओढणीवरच होते. शेजारी फरोखची मूठ अलगद मिटली आणि डोळे न उघडताच तो लाडानं पुटपुटला, "आजही गारच आहे गं हात तुझा."