पन्नासचा मायना

कुमुद वेलणकरांचं पत्र दिवाळीत आलं होतं आणि शिमगा आला तरी पारसनीसांनी उत्तर दिलं नव्हतं. "उरलेली वर्षं एकत्र काढायची का?" असं कुमुदबाईंनी सरळच विचारलं होतं. पारसनीसांच्या मनात होकार होता, पण ते मायन्यातच अडकले. "अहो" लिहिलं तर नकार वाटायचा, "अगं" लिहिलं तर आगाऊपणा.

शेवटी ते टपालकचेरीत गेले. तिथल्या यंत्राला दोघांचा जुना पत्रव्यवहार दाखवला की ते जवळीक मोजून मायना छापून देई. हल्ली सगळे तेच वापरत. त्याच्या तक्त्यात शून्याला "अहो" होतं, शंभराला "अगं". पारसनीसांची जवळीक भरली पन्नास. पन्नासची ओळ तक्त्यात नव्हतीच, म्हणून यंत्रानं दोन्हींच्या बरोबर मधली किंमत काढली आणि कोऱ्या कागदावर छापलं, "अगंहो कुमुद".

खिडकीवरची स्नेहल खो खो हसली. "काका, परवा यानं एका सासूबाईंना जावयासाठी 'तूम्ही' काढून दिलं! थांबा, दुसरा छापते."

"नको गं," पारसनीस म्हणाले. बराच वेळ ते त्या शब्दाकडे बघत होते. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मध्ये एक स्वल्पविराम दिला, शेवटी एक पूर्णविराम.

"अगं, हो कुमुद."

"आणि पुढचा मजकूर, काका?"

"झाला की लिहून," म्हणत त्यांनी कागद पाकिटात घातला आणि पाकीट पेटीत टाकलं.