पटावरचं सतरावं नाव

"आई, सोमवारपासून मी शाळेत नाई जात," नलू म्हणाली आणि दप्तर खुंटीला अडकवून वांग्याच्या वाफ्यात निघून गेली.

शनिवार होता, शाळा सकाळची. आनंदाबाईच्या तव्यावरची भाकरी तव्यावरच करपली. ती तशीच उठून बांधापर्यंत आली.

"काऊन वो? कोनं काई म्हटलं का?"

"नाई."

"अंगात कसर हाय का?"

"नाई म्हटलं ना, आई."

एकोणऐंशी सालची दिवाळी नुकतीच सरली होती. नलूच्या त्या एका वाक्यानं आनंदाबाईच्या साऱ्या खटपटीवर पाणी फिरत होतं. नलूची शाळा मधे दोन वर्षं सुटली होती. अठराव्या वर्षी तिला नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात दहावीत बसवलं, तेव्हा आनंदाबाईनं मास्तरांपुढं जुना दाखला ठेवला आणि "आमची पोरगी हाय" एवढंच सांगितलं. लोकांची बोलणी मात्र चुकली नाहीत. शेजारच्या कुंताबाईनं तर बांधावर उभं राहून सुनावलं, "घरात कामाची पोर असून सोता राबून राह्यली. डोकं फिरलं तुहं." आनंदाबाईनं हातातली घागर जरा जोरात आपटली.

विहिरीचं पाणी, भाजीची तोडणी, आंजीच्या बाजाराची टोपली, सगळं तिनं स्वतःकडं घेतलं होतं. बाजाराच्या दिवशीसुद्धा नलूला कधी थांबवलं नाही. पाण्याची एक पाळी चुकली की वाफा कशी मान टाकतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. शाळेचंही तसंच असणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

सकाळी निघताना नलू पायातलं चांदीचं काढून तिच्या हातात देई. आनंदाबाई तिच्या पोलक्याचं वरचं बटन स्वतः लावी आणि नाल्यापर्यंत सोबत जाई. पावसाळ्यात तर हाताला धरून पलीकडं पोचवून येई. चार महिन्यांत एक नागा नाही.

आनंदाबाईचा मुलगा फौजेत होता, पठाणकोटला. शाळेचं हे खूळ मुळात त्याचंच. नलू शाळेत जाते ना, हे तो दर पत्रात विचारायचा. पत्र नलूच वाचून दाखवी, मधल्या दोन-चार ओळी गाळून. आनंदाबाईला अक्षरओळख नव्हती, पण गाळलेलं तिला बरोबर कळे. ती काही विचारत नसे.

रविवारी सकाळी महादेवराव मास्तर सायकल हातात धरून अंगणात आले. त्यांना पाहून नलू दाराआड झाली. आनंदाबाईनं बाज टाकली, चहा ठेवला. मास्तरांनी कप उचलला, पण ओठांना न लावताच खाली ठेवला.

"नलूची हजेरी वर्गात पहिली आहे," ते म्हणाले. "म्हणून पट पुकारायचं काम मी तिलाच दिलं. म्हटलं, मान आहे पोरीचा. सगळी नावं खणखणीत घेते. एका पोराचं तेवढं घेत नाही."

"काऊन?"

"तेच तर कळत नाही. तिथं आली की थांबते, मान खाली घालते अन् नुसतं 'सतरा नंबर' म्हणते. वर्ग हसतो. काल कुणीतरी फळ्यावर दोघांची नावं जोडून लिहिली. पोराचे वडील किसनराव शाळेत येऊन भांडून गेले. नलूला बाजूला घेऊन विचारलं, तर नुसती रडते."

आनंदाबाईनं हातातली बशी खाली ठेवली.

"माझं ऐका बाई. हा बोभाटा शमेपर्यंत पंधरा दिवस तिला घरी ठेवा."

पंधरा दिवसांचा महिना होतो आणि महिन्याचं वर्ष, हे आनंदाबाईनं गावात किती पोरींच्या बाबतीत पाहिलं होतं. फौजेतल्या मुलाला आता काय तोंड दाखवायचं? क्षणभर तिला नलूचाच राग आला. मग तिला कालची करपलेली भाकरी आठवली, पोरीचा उतरलेला चेहरा आठवला, आणि रागाची तिची तिलाच लाज वाटली. दाराआड बांगडी किणकिणली.

"पोर तशी नाई, गुरुजी," ती म्हणाली. "रोज माह्या हातानं धाडतो मी तिले. चेहरा वाचता येते मले."

"मीही तेच म्हणतो हो. पण लोकांचं तोंड कोण धरणार?"

"नाव काय त्या पोराचं?"

मास्तर जरा घुटमळले. "ताराचंद."

आनंदाबाई त्यांच्याकडं पाहतच राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ती हसायला लागली. मास्तर गोंधळून उठून उभे राहिले. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"नलू, दप्तर भरून ठेव वो माय!" तिनं दाराकडं पाहून हाक दिली. "उद्या नाल्यापर्यंत येतो मी तुह्यासंगं."

ती आत गेली. देवाच्या तसबिरीमागं खोचलेलं पत्र तिनं काढून आणलं आणि घडी उलगडून मास्तरांच्या हातात दिलं.

"खालची सही तेवढी वाचा, गुरुजी. नलू सारं पत्र वाचते, पन थे नाई वाचत."

मास्तरांनी चष्मा नाकावर सारला. "ताराचंद," त्यांनी वाचलं.

"माहा पोरगा," आनंदाबाई म्हणाली. "आता तुमीच सांगा, नवऱ्याचं नाव माही सून भर वर्गात कसं पुकारीन?"