आवाज करायचा नाही

तुरुंगातून आलेल्या त्या पत्राला अधिकाऱ्यानं उत्तर दिलंच नव्हतं. पत्र कसलं, दोन ओळी होत्या. ‘साहेब, बाकी सगळं कबूल. त्या बाळाचं तेवढं नाही. एकदा भेटा.’ ते टेबलाच्या खणात पडून होतं. खण उघडला की आपणच काही चोरल्यासारखं त्याला वाटे.

आज मात्र तो न कळवताच तुरुंगात जाऊन थडकला. खरं तर नियमानं त्याला या प्रकरणापासून लांब राहायचं होतं, कारण बाळ त्याची बहीण होती.

तो सहा वर्षांचा असताना त्याची आई त्याला आणि तान्ह्या मुलीला घेऊन हे पत्र लिहिणाऱ्या ड्रायव्हरच्या बंद ट्रकमधून चोरून सीमेपार आली होती. मुलगी जिवंत उतरली नाही. तो मोठा होऊन सीमेच्या तपासणी खात्यात लागला.

“रडू नये म्हणून त्या मेल्यानं तिला झोपेचं औषध पाजलं,” आई सांगत आली होती. “तू गाढ झोपला होतास.”

हे दुसरं वाक्य त्याला जास्त बोचे. बहीण शेजारी मरत होती आणि आपण झोपलो होतो. त्या प्रवासातली त्याला एकच गोष्ट आठवे, पत्र्यावरची टकटक. झोपेतही ऐकू येतं माणसाला, असं तो स्वतःला समजावी. त्या झोपेचं उट्टं काढावं तसा तो वर्षानुवर्षं जागून ट्रक तपासत राहिला. शेवटी ड्रायव्हर सापडला. बाळाचं जुनं प्रकरण उकरलं गेलं. उद्या दुसरा एक अधिकारी आईचा जबाब घेणार होता.

“नवरदेवासारखी दाढी करून बसलाय म्हातारा,” पहारेकरी कुलूप काढताना म्हणाला.

ड्रायव्हर उठून उभा राहिला. समोरचा माणूस कुणाचा मुलगा आहे, हे त्याला माहीत नव्हतं. “या साहेब. म्हटलं, विसरलात की काय.”

“औषध कसलं पाजलंस?”

“तेच सांगायचंय. लोकांना लुबाडलं, गुरांसारखं कोंबलं, एकदा तर भर रानात सोडून पळालो. घ्या लिहून. पण औषध कुणाला दिलं नाही. माणसं मेली तर पुढची गिऱ्हाइकं येतील का?”

“मग पोरं गप्प कशी राहायची?”

ड्रायव्हर चक्क हसला. “खेळ शिकवायचो ना! बाहेरून पत्र्यावर ठोकलं की सगळ्यांनी पुतळे व्हायचं. आवाज केला की हरलात. मोठी माणसं ऐकत नाहीत साहेब, पोरं मात्र जीव तोडून खेळतात.”

“तान्हं बाळ काय खेळणार?”

हसू मावळलं. “नाहीच खेळलं. तुमच्या खात्याचे लोक बाहेर ठोकत होते आणि आत ते रडत होतं. मग रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, आईनं जवळ घेतलं असेल. पुढे दार उघडलं, तर तिच्या मांडीवर ते...” त्यानं तोंड फिरवलं. “मला काय विचारता? तिलाच विचारा.”

घरी पोचेपर्यंत अधिकाऱ्याच्या मनात उत्तर पक्कं झालं होतं. त्या उत्तराची त्याला लाज वाटत होती.

आई उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. “तुझा तो साहेब माझ्यावर खेकसणार नाही ना? नाहीतर कान उपटीन त्याचे.”

“आई, मी ड्रायव्हरला भेटून आलो.”

इस्त्री थांबली. “तुला जायचं नव्हतं ना?”

“औषध दिलंच नव्हतं म्हणतो.”

“खोटारडा मेला.”

“खोटारडा आहेच. पण उद्या तू शपथेवर बोललीस, तर मरेपर्यंत आत सडेल.”

“सडू दे. त्याची पापं काय कमी आहेत?”

“पण हे त्याचं नसेल तर?” तो तिच्याजवळ गेला. “आई, बाहेर ठोकत होते. सापडलो असतो तर परत पाठवलं असतं, आणि तिकडे आपल्याला कुणी जिवंत ठेवलं नसतं. अशा वेळी तुझा हात तिच्या तोंडावर गेला असेल, तर मी तुला कधी एका शब्दानं बोलणार नाही.”

आईनं त्याच्या हातावर थोपटलं.

“बरं बाबा, गेला. माझाच हात गेला. झालं समाधान? चल, जेवून घे.”

“मग उद्या तसंच सांग.”

“सांगेन.”

“ते खोदून विचारतील. बाळ कसं धरलं होतंस, कुठला हात...”

“मला काय माहीत! तापानं फणफणले होते मी, शुद्ध कुठे होती मला!” बोलून गेल्यावर तिनं ओठ मिटले.

खोलीत कापड करपल्याचा वास येऊ लागला.

“आई, मग बाळ कुणाकडे होतं?”

तिनं इस्त्री बाजूला ठेवली. किती तरी वेळ ती त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवत राहिली, लहानपणी फिरवायची तसा.

“डोळे उघडले तेव्हा ट्रक पुढे निघाला होता,” ती म्हणाली. “तू तिला छातीशी घट्ट धरून बसला होतास. घामाघूम, पण केवढा खूश! माझ्या कानाशी येऊन म्हणालास, ‘आई, आम्ही जिंकलो. बघ ना, बाळ अजून पुतळाच आहे.’”