गंजीत घातलेला हात

आमच्याकडे स्थळ बघायला गेलं की मुलाआधी त्याच्या दारातली गवताची गंज बघतात. भाचीसाठी गेले, तर मुलाचे वडील स्वतःच मला गंजीपाशी घेऊन गेले. म्हणाले, "नऊ दिवस पाऊस हटला नाही. गावाचं गवत कुजलं. आमचं बघा, सोन्यासारखं!"

"नियोजन लागतं, आत्या," मुलगा कपाळावरचा गॉगल सावरत म्हणाला.

उभा जन्म म्हशींत गेलाय माझा. दर्शनी पेंढ्या बाजूला सारून मी गंजीत कोपरापर्यंत हात घातला. आत भट्टी पेटल्यासारखी धग होती. मुठीत आला तो काळा, बुरसटलेला लगदा. नियोजन म्हणे!

मुलाच्या आईनं घाईघाईनं पोहे पुढे केले.

"आधी हात धुवायला पाणी द्या," मी म्हटलं.

हात धुताना कुंपणापलीकडे एकजण दिसला. त्याचंही गवत काळं पडलेलं. पण तो पेंढ्या सोडवून उन्हात पसरत होता, सडलेलं सगळ्यांदेखत उकिरड्यावर फेकत होता.

पोह्यांना हातही न लावता मी विचारलं, "तो कुणाचा हो? लग्न ठरलंय का त्याचं?"