पहिलटकरीण

"बाळ सकाळपासून हललंच नाहीये," नम्रताने तिसऱ्यांदा सांगितलं.

"ऐकलं मी," तिच्या सासूबाई, सुशीलाबाई, म्हणाल्या. "मेहबूबभाई, डावीकडून काढा."

शेजारच्या मेहबूबभाईंनी गाडी डावीकडून काढली. मांजरीहून निघून वीस मिनिटं झाली होती आणि हडपसरच्या सिग्नलला निम्मं पुणे उभं होतं. दिवस भरायला तीन आठवडे बाकी असताना पाणी गेलं होतं. नम्रताचा नवरा अभिनव हिंजवडीच्या ऑफिसातून निघाला होता.

"हिंजवडीहून म्हणजे बारशाला पोचेल," सुशीलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा फोनला लागल्या. "दत्तप्रसाद, सकाळी सांगितलेलं तयार आहे ना? कुणाच्या हाती पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये."

हा दत्तप्रसाद कोण, हे विचारायचं त्राण नम्रतात नव्हतं. असेल सासूबाईंचा कुणी भाचा-पुतण्या, आणत असेल दुपटी नाहीतर चहाचा थर्मास. तिला एवढंच हवं होतं, की डॉक्टर पाच मिनिटं एकट्या भेटाव्यात.

कारण हे तिचं पहिलं बाळंतपण नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी, यवतमाळला मावशीच्या घरी तिला मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी मुलगी संस्थेत गेली आणि मावशीने देवासमोर बसवून शपथ घ्यायला लावली, की हा विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही. नम्रताचा रक्तगट निगेटिव्ह. अशा बाईला पहिल्या बाळंतपणानंतर एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर आईचंच रक्त दुसऱ्या बाळाच्या जिवावर उठू शकतं, हे तिने यंदा दिवस गेल्यावर मोबाइलवर वाचलं. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. यवतमाळला तिला ते इंजेक्शन कुणी दिलं नव्हतं.

पण सांगणार कधी? पहिल्याच भेटीत डॉक्टर नाजिमांनी "पहिलीच खेप ना?" असं विचारलं, तर हिने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी "हो, पहिलटकरीण" म्हणून सांगून टाकलं. नंतरच्या प्रत्येक तपासणीला त्या बरोबर होत्याच. महापालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेली बाई ती. पाचव्या महिन्यात सुनेच्या पोटाला तेल लावायला बसल्या, तर चष्मा चढवून, कातडीवरची रेघन् रेघ बघत बसल्या. दर महिन्याला तिचं रक्त तपासून आणायच्या. घरातल्या डाळींच्या डब्यांवरसुद्धा त्यांच्या तिरक्या अक्षरात भरल्याची तारीख असायची. अशा माणसाच्या नजरेआड व्हायचं म्हणजे सोपं काम नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. सुशीलाबाई स्ट्रेचरची दांडी धरून सरळ आत. जुन्या सिस्टरला कोण अडवणार?

"आई, पाण्याची बाटली गाडीत राहिली."

"इथे नळ आहेत."

"अभिनवला फोन लावता का? बाहेर रेंज असेल."

"आतही आहे."

नम्रताला रडू यायला लागलं. एरवी तिला सासूबाईंच्या तिरकस बोलण्याची गंमत वाटायची, आज राग आला.

डॉक्टर नाजिमांनी तिच्या पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येऊ लागले आणि क्षणभर तिच्या जिवात जीव आला. मग ठोके मंद होत गेले. दोन ठोक्यांमध्ये तिला श्वास घेता येईना.

"ऑपरेशन थिएटर तयार करा," डॉक्टर सिस्टर जरीनाला म्हणाल्या. "लगेच सिझर करू."

सुशीलाबाईंनी नम्रताचा हात धरून ठेवला होता. तिने त्या हाताकडे पाहिलं. आता बोललं तर संसार जाणार होता. नाही बोललं तर काय जाणार, ते यंत्र सांगत होतं.

"डॉक्टर, ही माझी दुसरी खेप आहे," ती म्हणाली. "आधी एक मुलगी झाली. लग्नाच्या आधी. तेव्हा इंजेक्शन दिलेलं नाही."

सुशीलाबाईंनी तिचा हात सोडला. सुनेकडे न बघता त्या उठल्या आणि दार ढकलून बाहेर गेल्या.

संपलं, नम्रताला वाटलं. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, हेही खरं. आता बाळ तेवढं जगावं.

मग सगळी धावपळ झाली. कमरेत सुई टोचली, समोर हिरवा पडदा लागला, पडद्यापलीकडे चिमट्यांचे आवाज. बऱ्याच वेळाने एक बारीकसं रडणं ऐकू आलं. ते ऐकून नम्रतालाही रडू कोसळलं.

"मुलगा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याच्या अंगात रक्त फार कमी आहे. आत्ताच बदलावं लागेल. तुमची सही हवी."

"इतक्यात निगेटिव्ह रक्त कुठून मिळणार?"

"आलंय. रक्तपेढीचे दत्तप्रसाद मघाशीच देऊन गेले. तुमच्या सासूबाई तेच घ्यायला बाहेर धावल्या ना."

नम्रताला काही उमगेना. जरीनाने तिच्यासमोर फाइल धरली. सहीची जागा शोधताना पहिलं पान उलटलं आणि आतल्या बाजूला टाचलेली एक चिठ्ठी दिसली. तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. अक्षर तिरकं, डाळींच्या डब्यांवरचं.

"डॉक्टर, सुनेची ही दुसरी खेप आहे. दर महिन्याला रक्त तपासावे, बाळासाठी रक्ताची सोय मी करते. तिला काही विचारू नये. माझ्या मुलाला कळू देऊ नये."